एंजिन तपासणी दिवा

मोटारगाडीच्या चालकासमोरील दर्शक फलकावर एंजिनाच्या आकृतीचा जो पिवळसर नारिंगी दिवा असतो, त्यास एंजिन तपासणी दिवा म्हणतात. बोलभाषेत तो ‘चेक इंजिन लाइट’ या नावाने ओळखला जातो. एंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकास ज्वलन, इंधनपुरवठा किंवा निष्कास (जळून बाहेर पडणारे वायू) यांच्या व्यवस्थेत प्रदूषण वाढविणारा दोष आढळला, म्हणजे तो हा दिवा लावतो व त्या दोषाचा संकेतांक आपल्या स्मृतीत नोंदवून ठेवतो. तेलाचा दाब, एंजिनाचे तापमान व बॅटरीचे भारण यांविषयीचे तांबडे दिवे याहून निराळे होत. तांबडा दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी तत्काळ थांबवावी लागते. पिवळा दिवा स्थिर लागला असेल आणि एंजिनाच्या चालीत फरक जाणवत नसेल, तर गाडी बेताने चालवीत मुक्कामी नेता येते. तो उघडझाप करू लागला, तर मात्र वेग व भार लगेच कमी करून शक्य तितक्या लवकर थांबावे लागते.

या दिव्याविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. संकेतांक वाचला की बिघडलेला भाग कळला, असे समजून तो भाग बदलण्यात येतो. वास्तविक संकेतांक हे संगणकाला दिसलेल्या लक्षणाचे नाव असते, भागाचे नव्हे. ताप हे जसे रोगाचे नाव नाही, तसेच हे आहे. लक्षणापासून कारणापर्यंत जाण्याचे काम माणसालाच करावे लागते आणि त्यातील बराच भाग साध्या साधनांनी घरीही करता येतो.

इतिहास : कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत हवा व इंधन यांचे प्रमाण यांत्रिक रीत्या ठरत असे आणि दोष हुडकणे कारागिराच्या कानावर व अनुभवावर अवलंबून असे. निष्कासातील विषारी वायूंवर निर्बंध आल्यावर इंधनाचे प्रमाण अधिक काटेकोर राखणे भाग पडले. त्याकरिता लागणारा ऑक्सिजन संवेदक (सेन्सर) १९७६ मध्ये प्रथम प्रवासी मोटारगाडीत बसविण्यात आला. एंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर त्याच संगणकाकडून स्वतःच्या व्यवस्थेची तपासणी करवून घेण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून अशी अंतर्गत निदान व्यवस्था (ओबीडी) आवश्यक केली. तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाली. तीत जोडणीचा आकार व संकेतांकांची पद्धत सर्व कंपन्यांसाठी समान करण्यात आल्याने कोणत्याही गाडीचे दोष एकाच उपकरणाने वाचणे शक्य झाले. यूरोपात हा नियम पेट्रोल मोटारींना २००१ पासून लागू झाला.

भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आवश्यक झाला, तर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर २००० मध्ये बंद झाली. भारत स्टेज-४ ही मानके १ एप्रिल २०१० रोजी तेरा शहरांत लागू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे होती. अंतर्गत निदान व्यवस्थेचा पहिला टप्पा त्यांबरोबर आला व दुसरा टप्पा २०१३ पासून लागू झाला. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर अंमलात आली. त्यामुळे मानकांच्या देशव्यापी अंमलापूर्वी लहान गावांत नोंदलेल्या एखाद्या गाडीत दिवा असला, तरी ती सर्वसामान्य उपकरणाला प्रतिसाद देईलच असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारगाड्यांसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरील निष्कासाच्या अटी व अधिक कडक निदान-नियम लागू झाले. वाहनांच्या अशा मानकांनुसारच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था पुणे येथे आहे.

कार्य : पेट्रोलच्या एका भारास पूर्ण ज्वलनासाठी हवेचे सु. १४·७ भार लागतात. हे प्रमाण राखले गेले, तरच परिवर्तकातील प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे या तिन्हींचे एकदम निराकरण होते. परिवर्तकाच्या अलीकडे असलेला ऑक्सिजन संवेदक निष्कासात उरलेला ऑक्सिजन ओळखतो. झिर्कोनियायुक्त संवेदक सु. ३००° से. वर तापल्यानंतर काम करू लागतो. इंधन कमी असलेल्या (विरल) मिश्रणास तो सु. ०·१ व्होल्ट आणि इंधन जास्त असलेल्या (समृद्ध) मिश्रणास सु. ०·९ व्होल्ट दाब देतो. त्यानुसार संगणक इंजेक्टर उघडे राहण्याचा काळ कमीजास्त करतो. मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन अधिक वा उणे द्यावे लागत आहे, या आकड्यास इंधन-दुरुस्ती (फ्युएल ट्रिम) म्हणतात. सुस्थितीतील एंजिनात ती साधारणतः १० टक्क्यांच्या आत असते.

सिलिंडरातील मिश्रण पेटले नाही, तर क्रँकशाफ्टची गती त्या क्षणी किंचित मंदावते. शाफ्टवरील दातेरी चक्राच्या दात्यांमधील कालांतर मोजून संगणक हा ‘मिसफायर’ ओळखतो व बहुधा तो कोणत्या सिलिंडरात झाला हेही सांगू शकतो. बहुतेक दोष ओळीने दोन प्रवास-चक्रांत आढळल्याखेरीज दिवा लागत नाही. दोष नाहीसा झाल्यास सामान्यतः तीन निर्दोष चक्रांनंतर तो आपोआप मालवतो. संकेतांक मात्र काही काळ स्मृतीत राहतो. न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन पेटू लागले, तर तेथील तापमान १,०००° से. च्या वर जाऊन आतील सिरॅमिक जाळी वितळू शकते. दिव्याची उघडझाप ही याच धोक्याची सूचना होय. काही शे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक हजारांचा परिवर्तक निकामी होतो, तो असा.

संकेतांक : चालकाच्या पायांजवळ, दर्शक फलकाखाली सोळा पिनांची जोडणी असते. तिला स्कॅनर अथवा ब्लूटूथद्वारे भ्रमणध्वनीशी जुळणारे लहान उपकरण जोडले म्हणजे संकेतांक वाचता येतो. तो एक रोमन अक्षर व चार चिन्हे यांचा बनलेला असतो. ‘पी’ हे अक्षर एंजिन व शक्तिप्रेषण, ‘बी’ गाडीचा साठा, ‘सी’ ब्रेक, सुकाणू इ. व ‘यू’ संगणकांमधील संदेशवहन दर्शविते. त्यापुढील ० म्हणजे सर्वसामान्य व १ म्हणजे बहुधा कंपनीचा स्वतःचा संकेतांक होय. तिसऱ्या स्थानावरील १ व २ हे आकडे इंधन व हवा, ३ प्रज्वलन, ४ निष्कास-नियंत्रण आणि ५ वेग व एंजिनाची मंद चाल यांविषयी असतात. उदा., ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरातील मिसफायर, ‘पी ०१७१’ म्हणजे विरल मिश्रण, ‘पी ०४२०’ म्हणजे परिवर्तकाची घटलेली कार्यक्षमता.

संकेतांकाबरोबर संगणक दोषक्षणीची स्थितीही गोठवून ठेवतो. एंजिनाचे फेरे, भार, पाण्याचे तापमान, गाडीचा वेग व इंधन-दुरुस्ती हे आकडे त्यात मिळतात. दोष थंड एंजिनात उद्भवला की चढावर, हे त्यावरून कळते. म्हणून संकेतांक पुसण्यापूर्वी ही सर्व माहिती कागदावर उतरवून घेणे ही निदानाची पहिली पायरी होय.

निदानाचा क्रम : प्रथम किल्ली फिरवून, एंजिन सुरू न करता दिवा लागतो का ते पाहतात. या स्थितीत तो लागलाच पाहिजे व एंजिन सुरू झाल्यावर मालवला पाहिजे. मुळीच लागत नसेल, तर दिवा वा त्याचे मंडल बिघडलेले आहे किंवा कोणी तो मुद्दाम बंद केला आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ही साधी परीक्षा अवश्य करावी.

त्यानंतर बॅटरी तपासतात. एंजिन बंद असताना भारित बॅटरीचा दाब सु. १२·६ व्होल्ट आणि एंजिन चालू असताना साधारणतः १३·५ ते १४·५ व्होल्ट असावा. दाब कमी असल्यास वा अर्थिंगची तार गंजलेली असल्यास अनेक संवेदक एकदम चुकीची मापे देतात. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा संकेतांक आढळले, तर तितके भाग बिघडलेले नसून दोष बहुधा बॅटरी, अर्थिंग वा फ्यूज यांत असतो. मग बॉनेट उघडून सुटलेल्या नळ्या, तडे, सैल जोडण्या, कुरतडलेल्या तारा व हवा-फिल्टर यांची नजरेने पाहणी करतात. ही पाहणी होईपर्यंत कोणताही भाग विकत घेऊ नये.

नेहमीचे दोष व दुरुस्ती : (१) मिसफायर : यालाच कारागीर ‘मिसिंग’ म्हणतात. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉईल असलेल्या गाडीत एक सोपी कसोटी वापरतात. पहिल्या सिलिंडराचा दोष दिसत असेल, तर एंजिन बंद व थंड असताना पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या कॉईलींची अदलाबदल करून, संकेतांक पुसून गाडी चालवितात. नवा संकेतांक ‘पी ०३०३’ असा आला, तर कॉईल सदोष ठरते. ‘पी ०३०१’ कायम राहिला, तर हीच अदलाबदल प्लगांची करतात. तरीही दोष पहिल्या सिलिंडरातच राहिला, तर इंजेक्टर, झडपा व सिलिंडरातील संपीडन यांची तपासणी कार्यशाळेत करून घ्यावी लागते. या कसोटीस एकही नवा भाग लागत नाही.

(२) विरल मिश्रण : ‘पी ०१७१’ आला की ऑक्सिजन संवेदक बदलण्याची घाई केली जाते. पुष्कळदा संवेदक खरेच सांगत असतो. इंधन-दुरुस्ती मंद चालीत जास्त व फेरे वाढविल्यावर सामान्य होत असेल, तर अंतर्ग्रहण नळीत कोठेतरी बाहेरची हवा शिरत आहे असे समजावे. याउलट भार वाढेल तशी दुरुस्ती वाढत गेली, तर इंधन-फिल्टर चोंदला आहे वा पंप अशक्त झाला आहे. हवेची गळती फुसफुस आवाजावरून कळते. संशयित सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यास ते आत ओढले जाऊन एंजिनाची चाल क्षणभर बदलते. त्यासाठी पेट्रोल वा ज्वालाग्राही फवारा तापलेल्या एंजिनावर कधीही वापरू नये. हवा मोजणारा संवेदक धुळीने माखल्यासही हाच संकेतांक येतो. त्याची तार अत्यंत नाजूक असल्याने ती फडक्याने न पुसता त्यासाठीच मिळणाऱ्या द्रवाने साफ करतात.

(३) परिवर्तकाची कार्यक्षमता : ‘पी ०४२०’ आल्यास लगेच परिवर्तक बदलू नये. आधी मिसफायर नाही ना व संवेदकांजवळ निष्कास नळीस भोक वा फट नाही ना, हे पाहावे. तापलेल्या व मध्यम स्थिर वेगाने चालणाऱ्या एंजिनात पुढच्या संवेदकाचा दाब वरखाली होतो, तर परिवर्तकापलीकडील संवेदकाचा दाब जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही पुढच्याप्रमाणेच हेलकावे खात असेल, तर परिवर्तकाची ऑक्सिजन साठविण्याची क्षमता संपली असे निश्चित होते.

(४) एंजिन पुरेसे न तापणे : ‘पी ०१२८’ हा संकेतांक थर्मोस्टॅटकडे निर्देश करतो. एंजिन थंड राहावे म्हणून उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी चाल आहे. परंतु पाणी योग्य तापमानास न पोहोचल्यास संगणक एंजिनास थंड समजून जादा इंधन देत राहतो. त्यामुळे इंधन वाया जाते व एंजिनाची झीजही वाढते. येथे थर्मोस्टॅट पुन्हा बसविणे हीच दुरुस्ती होय.

(५) इंधन-टाकीचे झाकण : झाकण घट्ट केल्याने दिवा जातो, हा सल्ला अमेरिकेतून आलेला आहे. तेथील नियमांनुसार टाकीतील बाष्पाची गळती संगणकाने ओळखणे आवश्यक असते. यूरोपीय धर्तीच्या भारतीय नियमांत प्रामुख्याने बाष्प-झडपेच्या विद्युत् मंडलाची तपासणी होते. झाकण पाहण्यास काहीच खर्च नाही. पण भारतीय गाडीत त्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही.

(६) डीझेल गाड्या : भारत स्टेज-६ च्या बहुतेक डीझेल गाड्यांत काजळी अडविणारा गाळक (डीपीएफ) असतो. साचलेली काजळी सु. ६००° से. तापमानास जाळून टाकावी लागते. त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता मध्यम वेगाने चालणे आवश्यक असते. केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे ज्वलन अर्धवट राहून दिवा लागतो. अशा वेळी वाहनपुस्तिकेतील सूचनेप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालविणे हाच पहिला उपाय असतो.

लोणंद परिसराचे उदाहरण : सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातील लोणंद हे पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक व कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. अशा गावातून सातारा वा पुणे येथील मोठ्या दुरुस्ती केंद्रापर्यंत गाडी नेण्यात पूर्ण दिवस मोडतो. त्यामुळे दोष किरकोळ आहे की गंभीर, हे गावातच कळण्याला विशेष महत्त्व येते. त्या दृष्टीने येथील भूगोलच निदानास उपयोगी पडतो. नीरेच्या खोऱ्यातील सपाट रस्त्यावर निर्दोष वाटणारी गाडी साताऱ्याकडे जाताना सालपे घाटात गचके देऊ लागली व दिवा उघडझाप करू लागला, तर कॉईल वा प्लग अशक्त झाल्याचा संशय घ्यावा. चढावर सिलिंडरातील दाब वाढतो व त्या दाबात ठिणगी पडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो, हे त्याचे कारण होय.

पर्जन्यछायेतील या पट्ट्यात धूळ फार असल्याने हवा-फिल्टर ठरलेल्या मुदतीपूर्वीच तपासावा लागतो. शेताजवळ वा धान्याच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात. अशा वेळी संकेतांक संवेदकाचा येतो, पण तुटलेली असते तार. तारेचे सांधे नीट जोडून व वेष्टन घालून हा दोष अल्प खर्चात दूर होतो. बाजारपेठेतल्या बाजारपेठेत माल वाहणाऱ्या डीझेल पिकअप गाड्यांना वर सांगितलेली काजळीची अडचण येऊ शकते. आषाढी वारीत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी लोणंद येथे मुक्कामास येते. त्या काळात पालखीबरोबर तासन्‌तास मंद गतीने चालणाऱ्या डीझेल वाहनांसही हेच लागू पडते.

भोवतालच्या उसाचा संबंधही या दिव्याशी पोहोचतो. देशात २०२५ पासून पेट्रोलमध्ये सु. २० टक्के इथेनॉल मिसळले जाते व उसापासून इथेनॉल बनविणाऱ्या साखर कारखान्यांत सातारा-सांगली भागातील कारखानेही आहेत. इथेनॉलच्या एका भारास हवेचे केवळ ९ भार लागतात. त्यामुळे २० टक्के मिश्रणास सु. १३·५ भार हवा पुरते व १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत इंधन-दुरुस्ती सु. ४ टक्के वाढते. एवढ्याने निर्दोष गाडीत दिवा लागू नये. मात्र ज्या गाडीत हवेची गळती वा चोंदलेला फिल्टर आधीपासून आहे, तीत दुरुस्ती मर्यादेबाहेर जाऊन लपलेला दोष उघड होऊ शकतो.

दिवा मालविणे व दोष दूर करणे : स्कॅनरने संकेतांक पुसल्यास किंवा बॅटरीची तार काढल्यास दिवा मालवतो, दोष तसाच राहतो. शिवाय गोठविलेली माहिती, संगणकाने शिकलेल्या दुरुस्त्या व पूर्ण झालेल्या आत्मतपासण्यांची नोंद ही सर्व नष्ट होतात आणि पुढच्या कारागिरास निदानासाठी काहीच उरत नाही. म्हणून संकेतांक दुरुस्तीनंतरच पुसावा व ज्या परिस्थितीत दोष उद्भवला होता, त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून पाहावी. घाटात आलेला दोष अंगणात गेला असे म्हणता येत नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पीयूसी) मिळाले, म्हणजे गाडी निर्दोष आहे असेही नव्हे. त्या चाचणीत उभ्या गाडीच्या निष्कासाचे मापन होते; भार पडल्यावर होणारा मिसफायर तीत दिसेलच असे नाही.

मर्यादा व सुरक्षितता : एंजिन बंदिस्त जागेत चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो व तो प्राणघातक आहे. तापलेल्या रेडिएटराचे झाकण उघडू नये. चालू एंजिनाच्या कॉईलीस हात लावू नये. तेथे हजारो व्होल्ट दाब असतो. आधुनिक डीझेल एंजिनाच्या इंधन-नळ्यांत वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाब असतो. त्यांची जोडणी घरी सैल करणे अत्यंत धोक्याचे आहे. सीएनजी व्यवस्था, सुरक्षा-पिशव्यांच्या (एअरबॅग) पिवळ्या वेष्टनातील तारा व संकरित गाड्यांतील उच्च दाबाच्या नारिंगी तारा यांस हात घालू नये. ही कामे प्रशिक्षित कारागिराचीच होत. मात्र त्याच्याकडे जातानाही संकेतांक, गोठविलेले आकडे व दोष कोठे आणि केव्हा उद्भवला याचे टिपण सोबत असल्यास निष्कारण भाग बदलले जाण्याचा संभव कमी होतो. घरी केलेल्या निदानाचा हा फायदा दुरुस्ती स्वतः केली नाही तरी मिळतो.